हात धुणारा संपादक आणि आपण

‘बातमी खरी होती की नाही? मग संपादकाचे चुकले कुठे?’ असा प्रश्न आम्हांला गेल्या पावसाळ्यात एका धर्मग्रामाच्या सभागृहात विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ शिकलेसवरलेले, निवृत्त शिक्षक, रविवारच्या मिस्सेत वाचन करणारे. ‘फाइव्ह स्टार फायनल’ हा १९३१ सालचा अमेरिकन चित्रपट तेथे नुकताच दाखवून झाला होता. दिवे लागले, खुर्च्या सरकल्या आणि पहिला प्रश्न आला तो हा. त्याच्यापाठोपाठ दुसरा आला : ‘लोकांना हवे असते म्हणूनच अशी वर्तमानपत्रे चालतात ना?’ सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. त्या संध्याकाळी आम्ही दिलेली उत्तरे तोकडी होती, हे घरी परतताना वाटेतच आमच्या ध्यानात आले. म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे म्हणणे स्पष्टच सांगतो. हे दोन्ही प्रश्न म्हणजे पळवाटा आहेत, आणि त्या वाटांनी पळण्यात आपला कॅथलिक समाज कोणाच्याही मागे नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची कथा थोड्या विस्ताराने सांगणे भाग आहे. दिग्दर्शक मर्व्हिन लेरॉय. रँडल या संपादकाच्या भूमिकेत एडवर्ड जी. रॉबिन्सन. सायंदैनिकाची दिवसातील अखेरची आवृत्ती ती ‘फाइव्ह स्टार फायनल’. न्यूयॉर्कमधील ‘इव्हिनिंग गॅझेट’ नावाच्या एका काल्पनिक सायंदैनिकाचा खप घसरू लागला आहे, कारण रँडलने अलीकडे जरा बऱ्यापैकी मजकूर छापण्याचा नाद धरला आहे. मालक हिंचक्लिफ यांना ते मानवत नाही. वीस वर्षांपूर्वीचे एक खूनप्रकरण उकरून काढावे आणि ते रोज थोडे थोडे छापावे, असा बेत ठरतो. नॅन्सी व्हूरहीस नावाच्या तरुणीने, आपल्याला फसवून लग्नाला नकार देणाऱ्या पुरुषावर गोळी झाडली होती. ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. पुढे मायकेल टाउनसेंड नावाच्या सज्जनाने तिच्याशी विवाह केला आणि त्या मृत पुरुषापासून झालेल्या जेनीला आपलीच लेक म्हणून वाढवले. जेनीला यातले काहीही ठाऊक नाही. तिचे लग्न उद्यावर येऊन ठेपले आहे. आणि नेमक्या याच वेळी कचेरीतल्या त्या गजबजाटात, वाजणाऱ्या दूरध्वनींच्या आणि ओरडून बोलणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून, रँडल हुकूम सोडतो की त्या बाईचा ठावठिकाणा शोधून काढा.

या संपादकाला एक खोड आहे. तो सारखा हात धुतो. साबण लावून, घासून घासून धुतो. चित्रपट त्यावर भाष्य करीत नाही, पण पवित्र आठवड्यात दरवर्षी दुःखसहनाचा वृत्तांत ऐकणाऱ्या माणसाला ते भाष्य कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील पिलाताचे विशेष हे की, समोरचा माणूस निरपराध आहे हे त्याला कळलेले होते. रँडलचेही तसेच. आपण काय करतो आहोत हे त्याला सुरुवातीपासून कळते. त्याची चिटणीस मिस टेलर त्याला ते टोचून टोचून सांगतेही. तरी तो करतो, कारण महिन्याचा पगार आहे आणि मालकाची मर्जी आहे.

माहिती काढण्यासाठी जो माणूस धाडला जातो त्याचे नाव आयसोपॉड. हा धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. गैरवर्तनाबद्दल त्याला तेथून हाकलण्यात आले आहे. तो उपदेशकाचा वेश चढवतो आणि टाउनसेंडांच्या दारात उभा राहतो. ज्या चर्चमध्ये मुलीचे लग्न व्हायचे तेथून हे गृहस्थ आले असावेत, असे समजून ते भोळे जोडपे त्याला घरात घेते, बसवते आणि मनावरचे ओझे त्याच्यापुढे उतरवते. धर्मसेवकापुढे मन मोकळे करणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही. आयसोपॉड सारे ऐकून घेतो आणि जेनीचे छायाचित्र घेऊन बाहेर पडतो. ही भूमिका बोरिस कार्लॉफ यांनी केली आहे. त्याच वर्षी, दोनेक महिन्यांनी, हेच कार्लॉफ ‘फ्रँकन्स्टाइन’मधील राक्षस म्हणून जगभर गाजले. आम्हांला विचाराल तर या दोन भूमिकांतील अधिक भयंकर कोणती, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आणखी एक योगायोग. फसवल्या गेलेल्या मायकेल टाउनसेंडचे काम करणारे एच. बी. वॉर्नर यांनीच चार वर्षांपूर्वी, १९२७ साली, सेसिल डी मिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ या मूकपटात प्रभू येशूची भूमिका केली होती. त्या काळच्या प्रेक्षकाला तो चेहरा परिचित होता. खोट्या उपदेशकापुढे तो चेहरा हात जोडून बसलेला पाहताना त्याला काय वाटले असेल?

पुढचे थोडक्यात. बातमी छापून येते. नॅन्सी दूरध्वनीवरून मालकाकडे आणि संपादकाकडे दयेची याचना करते. पडद्याचे तीन भाग होतात, मध्ये ती आणि दोन बाजूंना हे दोघे, आणि तिचे म्हणणे कोणीच ऐकत नाही. वरपक्ष लग्न मोडायला निघतो. नॅन्सी विष घेते. नवऱ्याला तिचा देह सापडतो, तेवढ्यात लेक आणि भावी जावई दारात येतात. तो त्यांना काही कळू न देता गोड बोलून वाटेला लावतो आणि मग स्वतःही तोच मार्ग धरतो. त्यानंतर गॅझेटची माणसे खिडकीतून घरात शिरतात आणि मृतदेहांचे छायाचित्र काढतात. अखेर जेनी पिस्तूल घेऊन कचेरीत येते आणि माझ्या आईला का मारलेत, एवढेच विचारत राहते. रँडल राजीनामा देतो आणि दूरध्वनी काचेच्या दारावर भिरकावतो. शेवटच्या दृश्यात त्या दिवसाचा अंक रस्त्याकडेच्या गटारात चिखलाबरोबर वाहून जातो.

हे सारे नाटकी, भडक आणि अतिरंजित आहे, असेही त्या सभागृहात कोणीतरी म्हणाले. भडक आहे, मान्य. परंतु रचलेले म्हणावे तितके रचलेले नाही. ज्या नाटकावर हा चित्रपट बेतला ते लिहिणारे लुई वाइट्झेनकॉर्न हे स्वतः न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग ग्राफिक’ या सायंदैनिकाचे संपादक होते. १९२४ साली निघून १९३२ साली बंद पडलेल्या या पत्राने खोट्या छायाचित्रांची एक कलाच निर्माण केली. १९२५ साली ऱ्हाइनलँडर या श्रीमंत घराण्यातील मुलाने पत्नीविरुद्ध विवाह रद्द करण्यासाठी भरलेला खटला चालला. पत्नीने आपला वर्ण लपवून फसवणूक केली, असा त्याचा आरोप. त्या स्त्रीला ज्यूरीसमोर अंगावरची वस्त्रे उतरवून कातडीचा रंग दाखवावा लागला. तेथे छायाचित्रकारांना मज्जाव होता. ग्राफिकने काय करावे? कचेरीत एका तरुणीला तशी उभी करून तिचे छायाचित्र काढले, त्यावर खटल्यातील खऱ्या माणसांचे चेहरे चिकटवले आणि पहिल्या पानावर छापले. आज संगणकाकडून कोणाचाही चेहरा कोणाच्याही देहाला जोडून मिळतो आणि आपण त्याला नव्या युगाचे संकट म्हणतो. संकट शंभर वर्षांचे आहे. तेव्हा त्याला कात्री आणि खळ लागत असे, एवढाच फरक.

आता पहिली पळवाट, बातमी खरी होती ही. होय, नॅन्सीची बातमी अक्षरशः खरी होती. तिने गोळी झाडली होती, माणूस मेला होता, जेनी त्याचीच मुलगी होती. पण खरे बोलले म्हणजे पाप होत नाही, हे आपल्याला कोणत्या धर्मशिक्षणात शिकवले? आठवी आज्ञा म्हणजे खोटी साक्ष न देणे, इतकेच आपण लहानपणी पाठ केले आणि तेथेच थांबलो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ याच आज्ञेखाली दोन वेगळी पापे सांगतो. एक, खोटा आळ घेणे. दुसरे, पुरेसे न्याय्य कारण नसताना एखाद्याचे खरे दोष, ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्यापुढे उघडे करणे. खरे दोष, हे ध्यानात घ्यावे. या दुसऱ्या पापाचा उच्चार आपण प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी क्वचितच करीत असू, कारण ते पाप आहे हेच आपल्याला वाटत नाही. आपल्याला ते संभाषण वाटते.

कायदा येथे फार दूरवर सोबत करीत नाही, हेही सांगितले पाहिजे. चित्रपट आला त्याच १९३१ साली कॅलिफोर्नियातील एका न्यायालयासमोर जवळजवळ हीच कथा आली होती. गॅब्रिएल डार्ली नावाच्या स्त्रीवर खुनाचा खटला झाला होता. त्यातून ती निर्दोष सुटली. पुढे तिने लग्न केले आणि जुने आयुष्य टाकून दिले, असे तिचे न्यायालयापुढील निवेदन होते. १९२५ साली तिच्यावर ‘द रेड किमोनो’ हा चित्रपट निघाला आणि त्यात तिचे खरे नाव वापरले गेले. तिने दाद मागितली. न्यायालय म्हणाले की खटल्याच्या दप्तरातील घटना कोणालाही वापरता येतील, परंतु सन्मार्गाला लागलेल्या स्त्रीचे खरे नाव तिच्या गतायुष्याला असे जोडून मांडणे समर्थनीय नाही. आपल्याकडे १९९४ साली राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माणसाचा एकटे राहू दिले जाण्याचा अधिकार मान्य केला. विवाह, कुटुंब, मातृत्व यांविषयी संमतीवाचून छापू नये, असे सांगितले. पण त्याच निकालात असेही आहे की, मजकूर एकदा सार्वजनिक दप्तरात गेला की, अत्याचारपीडित स्त्रियांसारखे अपवाद वगळता, हे संरक्षण उरत नाही. म्हणजे नॅन्सीची कथा आज येथे छापली गेली तर, जुन्या खटल्याच्या नोंदींपुरते तरी, छापणारा बहुधा निर्धास्त राहील. वकील त्याला सोडवतील. कायद्याने सुटलेल्या माणसाला विवेकाने कोठवर सोडावे हा प्रश्न उरतोच, आणि त्या शिक्षकमहाशयांना आम्ही हे उत्तर त्याच वेळी द्यायला हवे होते.

दुसरी पळवाट अधिक निसरडी आहे. लोकांना हवे असते. हिंचक्लिफही हेच म्हणतो, आणि खपाचे आकडे त्याच्या बाजूने आहेत. येथे आम्हांला चित्रपटाविषयीच एक तक्रार नोंदवायची आहे. त्याने प्रेक्षकाला फार स्वस्तात सोडले. मालक इतका निर्लज्ज, आयसोपॉड इतका किळसवाणा, शेवटी रँडलचा संताप इतका जोरकस, की आपण आपोआप जेनीच्या बाजूला जाऊन उभे राहतो. पण तो अंक विकत घेणारी लाखो माणसे कोण होती? ती पडद्यावर फारशी दिसतच नाहीत. गटारात वाहून जाणाऱ्या त्या अंकाचे पैसे कोणीतरी खिशातून काढून दिले होते. ज्याने दिले तो चित्रपटगृहात बसून डोळे पुसत होता.

आमच्या परिसरातील गोष्ट सांगतो. स्थळ, साल, नाव काहीही सांगणार नाही आणि कोणी तर्क लढवू नये. एका घरातील तरुण मुलाने आपले जीवन संपवले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली, छायाचित्रासह. बातमीत खोटे काही नव्हते; कर्जाचा आकडादेखील बरोबर होता. छायाचित्र मात्र आम्ही ओळखले. ते एका लग्नातील सामूहिक छायाचित्रातून कापून घेतलेले होते. सोनेरी पडदा, मागे हॉलची कमान. बातमीदार काही खिडकीतून घरात शिरला नव्हता. कोणा आयसोपॉडला पांढरी कॉलर घालावी लागली नव्हती. ते छायाचित्र त्या लग्नाला जेवून गेलेल्यांपैकी, म्हणजे आपल्यापैकीच, कोणीतरी मोबाइलवरून पाठवले होते. मागितले म्हणून दिले. कदाचित आपल्याला आधी कळले, याची थोडी ऐट मिरवण्यासाठी दिले. त्यानंतर ती कात्रणे गटागटांतून फिरली, खाली जोडलेले हात आणि प्रार्थनेची विनंती. त्या मुलाची आई त्या दिवसापासून नऊच्या मिस्सेला येत नाही. ती दोन स्टेशने ओलांडून दुसऱ्या चर्चमध्ये जाते, जेथे तिला कोणी ओळखत नाही.

आणि आम्ही? आम्ही ते वर्तमानपत्र विकत घेतले. एरवी घेत नाही. बातमी एकदा वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. हे येथे लिहिताना लाज वाटते, परंतु हे न लिहिता वरचे सारे लिहिले असते तर तेही हात धुणेच झाले असते.

एक आक्षेप मात्र पळवाट नाही आणि तो आम्ही अंगावर घेतो. वाचक म्हणतील, झाकून ठेवण्याचा उपदेश तुम्ही कॅथलिकांनी करावा, हे नवलच! बरोबर आहे. जानेवारी २००२मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने धर्मगुरूंकडून मुलांवर झालेले अत्याचार आणि ते दडपण्यासाठी धर्मप्रांताने केलेली हालचाल उघडकीस आणली. त्या डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना बॉस्टनचे महागुरुपद सोडावे लागले; पुढल्या वर्षी त्या दैनिकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या काळी आपल्याही धर्मग्रामांत ‘वर्तमानपत्रवाले चर्चच्या पाठीस लागले आहेत’ अशी भाषा ऐकू येत होती. ती भाषा चुकीची होती. तेथे चर्चची लाज झाकण्यासाठी लेकरांचा बळी दिला जात होता, एकाच माणसाला एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले जात होते आणि पुढची मुले धोक्यात येत होती. ती बातमी छापणे हे न्याय्य कारणच होते. न छापणे पाप ठरले असते.

मग फरक कोठे? आम्हांला तो असा दिसतो. बॉस्टनच्या बातमीदारांनी सत्ता असलेल्यांचे दप्तर उघडले आणि ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांना बोलू दिले. त्यांनी कागद मिळवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, खोटा झगा चढवला नाही. गॅझेटने ज्या बाईवर अंक खपवला तिच्यापासून त्या शहरात कोणालाही धोका नव्हता. तिचा निवाडा झालेला होता. तिच्याकडे ना सत्ता, ना वकील. होता तो एक दूरध्वनी, आणि तोही कोणी उचलून ऐकत नव्हते. अनेकांची गफलत होते ती येथे. बड्यांविषयी लिहिताना आपण ‘प्रकरण वाढवू नका’ म्हणतो आणि गरीब विधवेच्या घरातले मात्र चर्चच्या आवारात, मिस्सा संपून अंगावरचा धूपाचा वास जाण्यापूर्वी, चघळायला घेतो. धर्मग्रामाच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारणारा आपल्याला फाटे फोडणारा वाटतो. कोणाची सून माहेरी का गेली, हे विचारणारी बाई मात्र आपुलकीची वाटते. झाकायचे ते उघडे आणि उघडायचे ते झाकलेले, असा हा आपला उलटा न्याय आहे.

बातमीदारांना दोष देऊन थांबणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. या चित्रपटाची १९३६ साली ‘टू अगेन्स्ट द वर्ल्ड’ या नावाने नवी आवृत्ती निघाली, हम्फ्री बोगार्ट यांना घेऊन. तीत वर्तमानपत्राच्या जागी रेडिओ केंद्र आले. कथा जशीच्या तशी चालली. आज तीच कथा मोबाइलवर बेतली तर तिच्यात ना मालक लागेल, ना संपादक. रँडल होण्यासाठी आता कोणालाही नोकरी धरावी लागत नाही. त्याला निदान हात धुवावेसे वाटत होते. आपण कात्रण पुढे पाठवतो आणि त्याच बोटांनी जेवायला बसतो.

या त्रैमासिकापुरते आमचे धोरण येथे जाहीर करतो. निधनवार्तेत मृत्यूचे कारण कुटुंबाने लेखी कळवल्याशिवाय छापले जाणार नाही. छायाचित्र घरच्यांकडूनच स्वीकारले जाईल. शेजारी, नातलग किंवा हितचिंतक यांनी पाठवलेले परत केले जाईल. कोणाही पदाधिकाऱ्याच्या कारभाराविषयी, मग तो झगा घालणारा असो वा नसो, सप्रमाण पत्र आले तर ते संबंधितांच्या खुलाशासह छापण्यात येईल. गेल्या वर्षभरात दोन वाचकांनी, अमुक एका तरुण मुलीच्या मृत्यूचे ‘खरे कारण’ आम्ही का लपवले, अशी विचारणा करणारी पत्रे धाडली होती. दोघांनीही आपल्याला ते कारण ठाऊक असल्याचे लिहिले होते आणि एकाने ते सविस्तर दिलेही होते. ती दोन्ही पत्रे आम्ही फाडून टाकली आहेत. उत्तराची वाट पाहू नये.